केळीच्या सोपातला गजरा

१

चंपा डोर्लेकरने काचेसारखा तो ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, दाराकडच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"ह्यो माज्या पोरीचा गजरा नाय," ती म्हणाली.

दर्शना मोहितेला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. रत्नागिरीत नाचणे रोडच्या एका गाळ्यात ती फुलं पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यात जपून ठेवण्याचं काम करायची. लग्नातले हार, बारशाची फुलं, डोहाळेजेवणाची वेणी. आधी घरात, ओट्यावर साचे मांडून सुरुवात केली होती. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा, हातमोजे आणि मास्क का घालायचा, हे नवऱ्याने, विनीतने, शिकवलं होतं. तो लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर असायचा. आता गाळा झाला होता, दोन माणसं हाताखाली होती, आणि गणपतीपर्यंतच्या ऑर्डरी लागलेल्या होत्या. फिनिशिंग आवडलं नाही म्हणणारी गिऱ्हाइकं तिने पाहिली होती. हे वेगळंच होतं.

"काकू, तुमचाच आहे. सुरंगीचा. तुमच्या मुलाने आणून दिला होता."

पूर्णगडहून आईसोबत आलेला मुलगा, प्रथमेश, बाहेर पायरीवरच उभा होता. तो आत आला नाही.

"सुरंगीचा हाय," चंपा म्हणाली, "पण माजा नाय. मी गजरा केळीच्या सोपात, खोडाच्या सुकल्या सालीत वळतंय. दोऱ्यात कदी नाय. ह्यात बगा, पांढरा दोरा हाय."

दर्शनाने वाकून बघितलं. हिरवट कळ्यांच्या आणि टोकाकडच्या थोड्या पिवळ्या केसरांच्या मधून शिवणाचा पांढरा दोरा स्पष्ट दिसत होता. रेझिन इतकं स्वच्छ ओतलं गेलं होतं की लपायला जागाच नव्हती.

"दुसरा गजरा वळून देता येणार नाही का, काकू? मी फुकट करून देते."

चंपाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. समोरच्या बाईला काही माहीतच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

"माजी सानवी गेली, बाय. हळदीला तो गजरा माळला नि दुसऱ्या दिवशी गेली. आता कुणासाठी वळू?"

दर्शनाची नजर ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे तिने सोनेरी वर्ख पसरला होता आणि वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'आनंदाचे क्षण'. तिने हाताने ती अक्षरं झाकली.

"माजा गजरा कुठं हाय, तेवढं सांगा," चंपा म्हणाली. "मी परत येन."

२

संध्याकाळपर्यंत चंपाच्या भाचीने ठोकळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली लिहिलं होतं, मेलेल्या मुलीची फुलं बदलून भलतीच देणारं दुकान. दुसऱ्या दिवशी दोन लग्नांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "आमचा हार तरी आमचाच आहे ना हो?"

दर्शनाने मावशीला बोलावलं.

तुळसा तांबे पोलीस खात्यात हवालदार होती. निवृत्त होऊन कुवारबावला राहायची. अंगाने बारीक, केस आखूड कापलेले, पायात नेहमी बंद बूट. खात्यात तिला बायकांचे जबाब घ्यायला द्यायचे, कारण तिच्यासमोर माणसं बोलायची. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ती आली, "जय भीम" म्हणून खुर्चीवर बसली आणि ठोकळा हातात फिरवत राहिली. दर्शना सगळं सांगत होती. फुलं आल्यावर ती सिलिकाच्या वाळूत पुरायची, पाणी पूर्ण निघून गेलं की साच्यात मांडायची, मग थर थर करून रेझिन ओतायचं, बुडबुडे काढायचे, घासून पॉलिश करायचं. हे सगळं या तीन माणसांच्या हातांतून जातं. स्वतः दर्शना, वाळवणाचं बघणारी तिची नणंद तेजस्वी, आणि ओतकाम, पॉलिश नि पोचवणं करणारा राकेश.

"फुलं आली तेव्हा फोटो काढतेस ना?"

"नेहमी. गिऱ्हाइकासमोर डबा उघडते आणि फोटो काढते. नियमच आहे माझा."

"ह्याचा दाखव."

दर्शना टेबलाच्या कडेवरचा वाळलेला रेझिनचा थेंब नखाने खरवडत राहिली.

"नाही काढला," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी मी पेजसाठी व्हिडिओ करत होते. दिवे लावलेले, फोन स्टँडवर. तो मुलगा दारात आला, बहिणीचा गजरा आहे म्हणाला. मी मागे वळूनही नीट बघितलं नाही. ठेव तिथे म्हणाले. मावशी, मी त्याचा चेहरा बघितला असता तरी मला कळलं असतं. मी वर्ख लावला त्यावर. वर्ख!"

"रडू नको. आधी मला एक सांग. ह्या दुकानात अजून कुणाचं तोंड तुझ्यासारखं झालंय?"

दर्शनाने डोळे पुसले. "सगळ्यांचंच," ती म्हणाली. "परवापासून तेजस्वी जेवत नाही. आणि राकेश आज कामावरच आला नाही."

३

राकेश घरीच होता. त्याच्या आईने दार उघडलं तेव्हा तो मागच्या पडवीत नारळ सोलत बसला होता. तुळसाला बघून उठला. कोयता हातात तसाच.

"मी आलोच असतो, मावशी."

"बस. मी विचारणार नाही काय केलंस. कशाची लाज वाटते तेवढं सांग."

त्याने कोयता खाली ठेवला. "माझ्या हातून पडला तो ठोकळा. पॉलिश करताना. कोपरा उडाला. ताईला सांगितलं नाही. पुन्हा साच्यात घालून वरून थर ओतला आणि घासला. कळून येत नाही, पण माझं मला कळतं. ताईने मला काम दिलं तेव्हा मला कोणी उभं करत नव्हतं."

"आतली फुलं बाहेर काढलीस?"

"ती कशी निघणार? एकदा रेझिन बसलं की बसलं. फुलं काढायची तर फोडून चुरा होईल."

तुळसाने मान हलवली. "उद्या कामावर ये. आणि दर्शनाला तू सांग, मी नाही सांगणार."

तेजस्वीचं सांगणं जड होतं. ती वाळवणाच्या खोलीत उभी राहून बोलली. भिंतीला लागून प्लास्टिकचे डबे होते, प्रत्येकावर नाव लिहिलेली पट्टी.

"त्या आठवड्यात सुरंगीचे दोन गजरे होते," ती म्हणाली. "एक पूर्णगडचा आणि एक सावर्ड्याच्या लग्नातला. दमट हवेने पट्ट्या सुटल्या आणि खाली पडल्या. मला वाटलं कुठली कुठली ते मला आठवतंय. मी परत चिकटवल्या. अंदाजाने, आत्या." दर्शनाची मावशी तिलाही मोठी, म्हणून ती आत्या म्हणायची. "वहिनीला बोलले नाही. चंपाकाकू आल्या तेव्हा मी ह्याच खोलीत होते. त्यांचं सगळं ऐकलं. बाहेर आले नाही."

"म्हणजे तुझ्या मते सावर्ड्याला पोचलेल्या ठोकळ्यात सानवीचा गजरा आहे."

"असणारच. दुसरा कुठे जाईल?"

तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडी आशाही. चूक सापडली तर गजराही सापडेल.

तुळसाने पिशवी खांद्याला लावली. "सावर्ड्याचा पत्ता दे."

४

सावर्ड्याला हायवेलगतच्या घरात नवी नवरी होती, रेणुका. तिने काचेच्या कपाटातून आपला ठोकळा काढून कौतुकाने दाखवला. सोबत चहा आणि खोबऱ्याची वडी.

तुळसाने चष्मा लावला. गजरा सुरंगीचाच होता, दुहेरी वळलेला, मध्ये एक एक अबोली घातलेली.

"ही अबोली?"

"माझी हौस. फुलवालीला सांगून मीच घालून घेतली होती." रेणुकाने लगेच लग्नातला फोटो काढला. वेणीत तोच गजरा, तशीच अबोली. आणि दोरा हिरवा.

तुळसाने वडी संपवली, चहा घेतला, नवरीला आशीर्वाद दिला आणि परतीच्या गाडीत बसली.

सावर्ड्याचा गजरा सावर्ड्यालाच होता. पट्ट्या पडल्या होत्या, पण तेजस्वीने त्या बरोबर लावल्या होत्या. म्हणजे सोपात वळलेला गजरा ह्या ठोकळ्यात नव्हता, त्या ठोकळ्यात नव्हता, आणि त्या दिवसांत दुकानात सुरंगीचा तिसरा गजरा आलाच नव्हता.

तिने फोन करून तेजस्वीला सांगितलं. तिला वाटलं होतं पोरगी हायसं वाटून रडेल.

"मग मी तो हरवलाच असेल," तेजस्वी पलीकडून म्हणाली. "वाळूत तुटला असेल, मी झाडून टाकला असेल. आत्या, मी पूर्णगडला जाते. काकूंच्या पाया पडते, माझ्या हातून गेला म्हणते. दुकान तरी वाचेल."

"तू कुठेही जायचं नाहीस. आधी मी जाऊन येते."

५

पूर्णगडला चंपाचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. अंगणात बांबूच्या मांडवावर मासे सुकत होते. ओटीवर सानवीचा फोटो, हार घातलेला. चंपाचा नवरा मुंबईला बोटीवर. प्रथमेश खाली बंदरावर गेला होता.

चंपाने पाट दिला, पाणी दिलं. पोलिसातली बाई म्हटल्यावर भाची आत जाऊन बसली.

"मला फक्त त्या गजऱ्याचं सांगा," तुळसा म्हणाली. "पहिल्यापासून."

चंपाने सांगितलं. शेजारच्या पुतणीची हळद होती. सुरंगीच्या कळ्या सकाळीच आणल्या होत्या, मिटलेल्या, कारण कळ्याच वळायच्या असतात, मग त्या केसांत हळूहळू उमलतात. सानवी संध्याकाळभर नाचली. झोपताना गजरा काढून आरशाच्या खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रत्नागिरीला कॉलेजला परीक्षेला जायचं होतं. प्रथमेशने मोटारसायकलवरून नेलं. गोळपच्या वळणावर खडी होती.

तुळसाने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"त्याचा हात मोडला. ती..." चंपाने पदर तोंडाला लावला. "मग मी तो गजरा काढून डब्यात ठेवला. सुतक फिटलं तेवा भाचीनं रत्नागिरीचं ह्ये दुकान सांगितलं. फोन करून पत्ता इचारला नि पोराजवळ डबा दिला."

"तेव्हा कसा दिसत होता गजरा?"

"सुकलेला. तांबूस झालेला. केसर गळत व्हतं, डब्याच्या तळाला पडलं व्हतं. पण वास व्हता हो. झाकण उघडलं की वास यायचा."

"ठोकळ्यातला तर ताजा टवटवीत दिसतो. तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"मना वाटलं त्यांच्या औषधानं तजेला येत आसंल. तसं ते करतात ना?"

"प्रथमेश कसा आहे?" तुळसाने विचारलं.

चंपाने अंगणाकडे बघितलं. "त्याला मी एक शब्द बोलले नाय. आजपर्यंत नाय. बोलून काय?"

ती हे स्वतःच्या भलेपणाबद्दल सांगतेय असं तुळसाला वाटलं. तिने बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर नजर टाकली.

६

"त्या दिवशीचा तो व्हिडिओ अजून आहे का?" दुकानात पाऊल टाकताच तुळसाने विचारलं.

दर्शनाने फोन काढला. पेजवर होताच. फुलं सिलिकात कशी पुरतात, ते दाखवणारा. पडद्यावर दर्शनाचा आवाज होता, उत्साही, आणि तेजस्वीचे हात. हातांनी स्टीलचा डबा उघडला, एक गजरा अलगद काढून वाळूवर ठेवला.

"हाच," तेजस्वी म्हणाली. "तो मुलगा गेला आणि वहिनी म्हणाली, हाच घे, छान दिसतोय. अजून उमललाही नव्हता, घमघमत होता नुसता."

"थांबव."

चित्र थांबलं. वाळूवर सुरंगीचा गजरा, पांढऱ्या दोऱ्यात. एका टोकाकडची फुलं अर्धवट उघडलेली. बाकी सगळ्या कळ्या, हिरवट, गोल, घट्ट मिटलेल्या.

तुळसाने टेबलावरचा ठोकळा ओढून फोनशेजारी ठेवला. त्याच कळ्या. त्याच क्रमाने. टोकाची तीच फुलं उघडी.

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "दर्शना, तेजस्वी, नीट ऐका. ह्यात तुमच्या कुणाची चूक नाही. गजरा तुमच्याकडे बदलला गेला नाही."

"मग कुठे?"

"ते मी नाही सांगणार."

"म्हणजे तुला माहीत आहे?" दर्शना उठून उभी राहिली. "मावशी, माझ्या ऑर्डरी जातायत. लोकं मला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी म्हणतायत. आणि तू सांगणार नाहीस?"

"ज्याचं त्याने सांगायला हवं. मी सांगितलं तर एक घर मोडेल. त्याने सांगितलं तर कदाचित राहील."

"आणि माझं दुकान?"

तुळसाने ठोकळा परत टेबलाच्या मधोमध ठेवला. दर्शना वळून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

७

प्रथमेश बंदरावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मोडलेला हात अजून नीट वळत नव्हता, म्हणून जाळ्याचं टोक त्याने पायाच्या अंगठ्यात अडकवलं होतं. तुळसा त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"मी दर्शनाची मावशी."

"माहीत आहे. आईने सांगितलं."

"आमची तेजस्वी आहे ना, वाळवणाचं बघते ती. तुझ्या आईच्या पाया पडायला निघाली होती. गजरा माझ्या हातून गेला असं सांगणार होती. जेवत नाही ती."

त्याची सुई थांबली. समोर एक होडी काठाला लागत होती, माणसं दोर ओढत होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"तिला येऊ नको म्हणावं," तो म्हणाला.

तुळसाने पायाजवळ आलेलं जाळं त्याच्याकडे सरकवलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या आईच्या गजऱ्याचं केसर गळत होतं. डब्यातून निघाला तो गजरा उमललाही नव्हता. त्याच दिवशी सकाळी वळलेला होता. घरातून डबा निघाला तेव्हा त्यात सुकलेली फुलं होती आणि दुकानात उघडला तेव्हा कळ्या होत्या. मधल्या वाटेवर तो एकाच माणसाच्या हातात होता."

प्रथमेशने जाळं खाली ठेवलं.

"एसटीत डबा मांडीवर होता," तो सांगू लागला. "गोळपच्या वळणावर गाडी हळू झाली आणि झाकणातून वास आला. तिच्या केसांना तसाच वास होता त्या दिवशी. मागे बसली होती ना माझ्या. अभ्यास म्हणत होती तोंडाने. मला वाटलं, आता हे काचेत घालून आई ओटीवर ठेवणार. मी रोज जेवायला बसणार आणि ते समोर चमकत राहणार. आई काही बोलत नाही. एकदा तरी शिवी द्यायची होती तिने. मारायचं होतं. ती माझ्या ताटात आधी मासा वाढते. मग मी भाट्याला उतरलो. पुलावर गेलो आणि डबा उघडून गजरा पाण्यात सोडला. सोडल्यावर कळलं काय केलं ते. खाली उतरून बघायलाही गेलो. नव्हता. मग स्टँडाजवळ फुलवालीकडे सुरंगी दिसली. तशीच दिसेल वाटलं. आई गजरा कशात वळते हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं तिच्यासमोर बसलोय मी."

त्याने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

त्याने चमकून वर बघितलं.

"मी तुझं काम करणार नाही, बाबा. आईला घेऊन तू दुकानात ये. नाही आलास तर मी पुन्हा इकडे यायची नाही. दर्शनाचं दुकान बसेल, तेजस्वी झुरत राहील आणि तुझी आई दुसऱ्याच माणसांना शिव्या देत राहील. तेवढं तू वाहून नेऊ शकतोस का, ते बघ."

ती उठली तेव्हा त्याने पुन्हा सुई हातात घेतली होती. पण जाळ्याचा एकही फासा तो विणत नव्हता.

८

तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

राकेश कामावर आला, आणि कोपरा उडाल्याचं त्याने दर्शनाला सांगून टाकलं. ती ओरडली नाही, नुसतं "बरं" म्हणाली. तिला ओरडायचं बळ नव्हतं. मांडणीवर रद्द झालेल्या ऑर्डरींचे हार वाळूत तसेच पडून होते. विनीतने लोट्याहून फोन केला, गाळा सोडायचा का म्हणून विचारलं. तुळसा रोज येऊन कोपऱ्यात बसायची. दर्शना तिला चहा द्यायची, बोलायची नाही. तुळसाला वाटू लागलं होतं की आपण चुकलो. एका पोराची वाट बघताना स्वतःच्या पोरीसारख्या भाचीला बुडवलं.

आणि एका दुपारी दारात चंपा उभी राहिली. मागे प्रथमेश. ह्या वेळी तो पायरी चढून आत आला.

"ह्यो म्हनतो, चल. काय ते सांगत नाय," चंपा म्हणाली. "सापडला काय गजरा?"

तेजस्वीला राहवलं नाही. ती पुढे झाली, हात जोडले. "काकू, आम्ही..."

"तू नको," प्रथमेश म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की राकेशने पॉलिशचं मशीन बंद केलं. "आई, मी सोडला. गजरा. पाण्यात सोडला आणि दुसरा विकत घेऊन ह्यांना दिला. ह्यांनी काही केलं नाही."

दर्शनाने तुळसाकडे बघितलं आणि खुर्चीच्या पाठीला धरलं.

चंपा मुलाकडे बघत होती. तिच्या तोंडावर काय येईल ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"कुठं सोडलास?" तिने विचारलं.

"भाट्याच्या पुलावरून."

"भरती व्हती की ओहोटी?"

त्याला क्षणभर कळेना. "ओहोटी. पाणी बाहेर जात होतं."

"मग गेला आसंल भायेर," चंपा म्हणाली. "खाडीत आडकला नसंल."

ती स्टुलावर बसली. मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली, ज्या हातांनी ती गजरे वळायची.

"मला दे ना शिवी," प्रथमेश म्हणाला. तो आता लहान मुलासारखा रडत होता. "एकदा तरी दे. मी चालवत होतो गाडी."

"तू झोपलेला व्हतास," चंपा म्हणाली. "हळदीचं जागरन. तुजे डोळे उघडत नव्हते. ती म्हनाली मी एसटीनं जातंय. मीच म्हटलं, एसटीनं उशीर व्हईल, उठव त्याला. मीच तुला हाक मारली. पानी मारलं तोंडावर." तिने मान वर केली. "तुला काय तोंडानं शिवी देऊ? मना वाटायचं, तू मनात माजाच दोष धरतोस. म्हणून तू माज्याशी बोलत नायस."

तो तिच्या पायाशी खाली बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग केस घट्ट मुठीत धरले, दुखतील इतके, आणि तसेच धरून ठेवले. राकेशने नजर वळवली. तेजस्वी आत निघून गेली.

काही वेळाने चंपा उठली. पदराने तोंड पुसलं. दर्शनासमोर उभी राहिली.

"बाय, तुजं नुकसान झालं. भाचीला सांगून ते काढायला लावतंय आजच. दुकानाची चूक नव्हती आसं लिवायला सांगतंय. कुनाची व्हती ते मात्र नाय लिवनार."

"नका लिहू," दर्शना म्हणाली. "काकू, माझीही चूक आहे. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा उघडायचा होता मी त्याच्यासमोर."

"उघडला आसतास तर काय झालं आसतं?"

दर्शनाने विचार केला. "माहीत नाही," ती खरं बोलली.

तिने कपाटातून तो ठोकळा काढला. सोनेरी अक्षरं तिने मधल्या काळात घासून काढली होती. "हा घेऊन जाल का? नाहीतर मी..."

चंपाने तो बघितला. कळ्या, पांढरा दोरा. "नको. ह्यात माजी पोर नाय," ती म्हणाली आणि तो परत दर्शनाच्या हातात दिला, पण सावकाश, तो फुटेल की काय अशा बेताने.

दारात जाऊन तिने चपला घातल्या. प्रथमेश डोळे पुसत पायरीवर थांबला होता. पावसमार्गे पूर्णगडला जाणारी गाडी पकडायला स्टँडवर जायचं होतं.

"भाट्याला उतरू," चंपा त्याला म्हणाली. "कुठून सोडलास ती जागा मना दाखव."

तो हो म्हणाला, आणि दोघं रस्ता ओलांडून गेली.